एमएच ०४ ची गाडी सीमेपार न्यायची तर

सीमेवरच्या कस्टम्सच्या खिडकीतून पाहिलं तर तुमची गाडी ही गाडी नसते, कर न भरता देशात शिरू पाहणारा माल असते. तुम्ही ती तिकडे विकाल आणि विमानाने ठाण्याला परत याल, हा संशय मनात धरूनच समोरचा माणूस बसलेला असतो. पुढचे सगळे शिक्के, हमीपत्रं आणि फॉर्म या एका संशयातून आलेत. एवढं डोक्यात बसलं की कुठला कागद कशासाठी हे पाठ करावं लागत नाही.

२०२४ मध्ये मूळचा ठाण्याचा एक जण लंडनहून स्वतःची गाडी चालवत, १६ देश ओलांडून, ५९ दिवसांत आईला भेटायला ठाण्यात आला. ती बातमी पेपरात आल्यापासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला निदान तिघांनी गाठून विचारलं, "काका, आपल्याला इथून निघता येईल का हो?" मी दोनदा नेपाळला गाडी नेली आहे आणि शेजाऱ्याच्या कार्नेटसाठी, म्हणजे गाडीच्या पासपोर्टसाठी, त्याच्यासोबत खेटे घातले आहेत, म्हणून मला विचारतात. येईल निघता. पण कागदांचा ढीग किती उंच होणार ते देशावर ठरतं, म्हणून सुरुवात नकाशापासून.

आधी रस्ता कुठे उघडा आहे ते बघा

पश्चिमेला अटारीची सीमा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा पाकिस्तान-इराणमार्गे युरोप हे जुन्या लोकांचं स्वप्न तूर्त विसरा. पूर्वेला मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमार आणि पुढे थायलंड हा एके काळी लोकप्रिय झालेला रस्ता. आधी कोविड आणि मग फेब्रुवारी २०२१ मधला लष्करी उठाव, यानंतर पर्यटकांच्या गाड्यांना तो व्यवहारात मिटला. उत्तरेला नेपाळमधल्या रसुवागढीहून तिबेटमधल्या केरुंगला जाता येतं, लंडनला जाणारे-येणारे याच वाटेचा आधार घेतात. तिथला मैत्री पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला, त्यामुळे या वाटेचा बेत आखताना ती त्या महिन्यात चालू आहे का याची खात्री आधी करायची, बाकीचं नंतर.

राहिले नेपाळ आणि भूतान, आणि तिसरा पर्याय आपल्या दाराशी आहे: न्हावाशेवा बंदर. नवी मुंबईकरांना समुद्रमार्गे गाडी पाठवण्याची जी सोय आहे ती दिल्लीकराला नाही. त्याला आधी गाडी इथवर आणावी लागते.

माझं मत विचाराल तर पहिली फेरी नेपाळचीच करा. खर्च कमी, वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूची, आणि सीमा ओलांडणं म्हणजे काय ते अंगवळणी पडतं.

गाडीचे कागद: घरी बसून तपासायच्या गोष्टी

आरसी हातात घ्या आणि नाव वाचा. गाडी तुमच्याच नावावर आहे का? आपल्याकडे निम्म्या गाड्या बायकोच्या, वडिलांच्या नाहीतर कंपनीच्या नावावर असतात. मालक सोबत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं अधिकारपत्र लागतं, इंग्रजीत, गाडीचा नंबर, चासी नंबर, देशांची नावं आणि तारखा लिहून. मालक सोबत असला तरी चालवणारा दुसरा असेल तर पत्र ठेवाच, चार ओळींच्या कागदाने एक तास वाचतो.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, म्हणजे कर्ज चालू असेल, तर बँकेकडून गाडी देशाबाहेर नेण्याचं ना-हरकत पत्र घ्या. शाखेतला माणूस आधी गोंधळतो, कारण त्याला विक्रीची नाहीतर राज्याबाहेर नेण्याची एनओसी माहीत असते. "तात्पुरती परदेशवारी, परत आणणार" असं अर्जात स्पष्ट लिहून द्या आणि महिनाभर हाताशी ठेवा.

एम-परिवहन आणि डिजिलॉकर आपल्या हवालदारापुरते ठीक. सीमेपलीकडे कागद हातात लागतो: आरसीचं स्मार्ट कार्ड, विमा, पीयूसी, आणि सगळ्याच्या पाच-सहा रंगीत झेरॉक्स. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल आणि नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी अजून बसवली नसेल तर निघण्याआधी बसवा. आणि ज्यांनी अभिमानाने देवनागरीत पाटी करून घेतली आहे त्यांच्यासाठी: आपल्या मोटार वाहन नियमांत ती बसत नाहीच, पण परदेशात ती नंबर पाटीच धरली जात नाही. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार नंबर रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लागतो.

त्याच कराराप्रमाणे गाडीच्या मागे देशाची खूण लागते. पांढऱ्या लंबगोलावर काळी 'आयएनडी' ही अक्षरं, उंची किमान ८० मिलिमीटर. नव्या नंबर पाटीवर निळ्या रंगात बारीक 'आयएनडी' असतं, त्यावर भागत नाही. स्टिकर बनवणारा कोणीही शंभर-दोनशे रुपयांत कापून देतो. नेपाळमध्ये मला कोणी विचारलं नाही, पुढच्या देशांत मात्र लावलेलं असू द्या.

चालवणाऱ्याचा परवाना

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आरटीओ देतो. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४-अ, फी १,००० रुपये. मुदत एक वर्ष, किंवा मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र मागायचे. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेत परदेशातल्या भारतीयांना दूतावासामार्फत नूतनीकरणाची सोय झाली आणि भारतात अर्ज करणाऱ्यांसाठी या दोन्ही अटी गेल्या. २०२२ मध्ये देशभर एकच नमुना ठरला, क्यूआर कोड असलेली पुस्तिका.

इथे ठाणेकरांची हमखास अडचण सांगतो. राहायला घोडबंदर रोडला, परवाना मात्र कॉलेजात असताना साताऱ्यात नाहीतर रत्नागिरीत काढलेला. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीच्या कार्यालयात जातो, तेव्हा आधी परवान्यावरचा पत्ता बदलून घ्या. ठाण्याची हद्द एमएच ०४, कल्याण-डोंबिवलीची ०५, वाशी-नेरूळकडची ४३, पनवेल-खारघरची ४६. "आमचं खारघर म्हणजे नवी मुंबईच" म्हणून चुकीच्या रांगेत उभे राहणारे मी पाहिले आहेत.

आयडीपी हा स्वतंत्र परवाना नाही, तुमच्या परवान्याचा अधिकृत अनुवाद आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. भारत १९४९ च्या करारात आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांत तो चालतो. चीन त्यात नाही, म्हणून तिथे त्याचा उपयोग शून्य. नेपाळ आणि भूतानमध्ये आपला साधा परवाना पुरतो.

नेपाळ: भन्सार आणि दिवसांचा हिशेब

ठाण्याहून आता सोपं झालं आहे. भिवंडीजवळच्या आमणेपासून समृद्धी महामार्ग थेट नागपूरला, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण उघडा. पुढे जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सीमेवरचं सोनौली. सगळं मिळून सतराशे किलोमीटरच्या आसपास, तीन दिवसांत आरामात. दोन दिवसांत करणारेही आहेत, त्यांच्या पाठी वेगळ्या मातीच्या असाव्यात.

माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ यांनाच ती सूट आहे. आजी आधारवर सुटतात आणि तिचा चाळिशीचा मुलगा अडकतो, असा प्रकार सोनौलीला रोज घडत असेल.

गाडीसाठी पलीकडे बेलहियाला भन्सार कार्यालय. भन्सार म्हणजे कस्टम्स. आरसी, परवाना, ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती घ्यायची. त्यानंतर वाहतूक विभागाचा रस्ता परवाना. दोन्ही कागद मिळाल्याशिवाय पुढे सरकू नका. "सगळं करून देतो साहेब" म्हणत खिडकीशी येणारे दलाल असतात, पण फॉर्म इतका साधा आहे की त्यांची गरज नाही. मात्र सकाळी लवकर पोहोचा, ट्रकांची रांग लागायच्या आधी.

आता माझी चूक. पहिल्या वेळी मी हिशेबाने पाच दिवसांचं भन्सार घेतलं, कारण बेत पाच दिवसांचा होता. जुलै महिना. परतताना मुग्लिंग ते नारायणगढ या पट्ट्यात दरड कोसळली, सारा दिवस नदीकाठी चहाच्या टपरीवर काढला, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी सीमेवर दंड भरला. दंडापेक्षा "मुदत संपलेली गाडी" म्हणून बाजूला घेऊन जी चौकशी झाली ती जास्त लागली. तेव्हापासून बेतापेक्षा दोन दिवस जास्त भरतो. भारतीय गाडीला एका नेपाळी आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस मिळतात आणि ते वर्ष जुलैच्या मध्यात सुरू होतं, त्यामुळे दोन दिवस जास्त घेऊन नुकसान काही नाही.

बाकी किरकोळ: घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. आपला रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर १९९३ पासून तसाच आहे. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, मोठ्या नोटांवरून वाद होतात. दारू पिऊन चालवण्याबद्दल तिथले पोलीस आपल्यापेक्षा कडक आहेत, 'मापसे' म्हणतात त्या तपासणीला. पोखऱ्याला सिद्धार्थ महामार्गाने जायचं तर बुटवलनंतर घाट सुरू होतो. माळशेजची सवय असलेल्याला नवं काही नाही, फक्त तो संपतच नाही.

भूतान

आपल्या बाजूला जयगाव, पलीकडे फुन्त्शोलिंग. प्रवेश परवाना लागतो, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर. शाश्वत विकास शुल्क दर माणशी दर रात्री १,२०० रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडताना फुन्त्शोलिंगच्या पुढे जाणाऱ्या भारतीय गाड्यांवर दिवसाला ४,५०० रुपयांचं शुल्क लावलं गेलं. चौघांचं कुटुंब आणि गाडी असा सहा दिवसांचा हिशेब कागदावर मांडून बघा. मी मांडला, आणि गाडी जयगावच्या हॉटेलात ठेवून पलीकडे टॅक्सी केली.

विमा, जो बहुतेक जण विसरतात

तुमची पॉलिसी भारताच्या सीमेवर थांबते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्या देशांपर्यंत ती वाढवता येते. भौगोलिक क्षेत्रविस्तार असं त्याचं नाव, एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, क्रमांक आयएमटी-१. जादा हप्ता मामुली असतो. कॉल सेंटरवरच्या मुलाला हे ठाऊक नसतं, म्हणून ईमेलमध्ये 'आयएमटी-१' हाच शब्द लिहा आणि एन्डॉर्समेंटचा छापील कागद हातात आल्याशिवाय निघू नका. एक खोच आहे: गाडी जहाजात किंवा विमानात असताना हे संरक्षण नसतं.

या सहा देशांच्या बाहेर भारतीय विमा चालत नाही. तिथे त्या त्या देशाच्या सीमेवर स्थानिक विमा घ्यायचा. अरब देशांसाठी 'ऑरेंज कार्ड' नावाचं सामाईक विमापत्र आहे. युरोपातल्या ग्रीन कार्ड या सामाईक विमा व्यवस्थेत भारत नाही, म्हणून पहिल्या सीमेवर फ्रंटियर विमा, म्हणजे सीमेवरच मिळणारा विमा, घ्यावा लागतो. जॉर्जियाने १ मार्च २०१८ पासून परदेशी गाड्यांना स्थानिक विमा सक्तीचा केला आहे.

कार्नेट: गाडीचा पासपोर्ट

नेपाळ-भूतानला भारतीय गाडीसाठी हे लागत नाही. त्यापुढे मात्र इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया असे कितीतरी देश 'कार्नेट द पासाज' शिवाय गाडी आत घेत नाहीत. आपल्यासाठी हे मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, १९१९ पासूनची संस्था. जाताना आरसी, पासपोर्ट, विमा, आणि देशांची क्रमवार यादी न्या. यादी महत्त्वाची, कारण हमीची रक्कम तीवरच ठरते.

हमी म्हणजे काय? तुम्ही गाडी तिकडे विकलीत तर त्या देशाचा आयातकर कोण भरणार, या प्रश्नाचं उत्तर. परदेशी कस्टम्स तो कर संस्थेकडून वसूल करतं, संस्था तुमच्या बँक गॅरंटीतून. यादीतल्या सर्वांत जास्त कर लावणाऱ्या देशाचा दर धरला जातो, त्यामुळे हमी गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकते. बँक तेवढ्या रकमेची मुदत ठेव अडकवते आणि वर कमिशन घेते. शेजाऱ्याच्या यादीत "वाटलं तर जाऊ" म्हणून लिहिलेला एक देश होता. तो खोडल्यावर रक्कम धाडकन खाली आली. म्हणून यादीत हौसेने नावं भरू नका.

पुस्तिका पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते, मुदत एक वर्ष. एका देशाला एक पान. पानाचे तीन भाग: एक प्रवेश करताना कस्टम्स फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा अर्धुक म्हणून पुस्तिकेतच राहतो, ज्यावर प्रवेश आणि निर्गमन असे दोन्ही शिक्के हवेत. मध्यरात्री, पावसात, मागची गाडी हॉर्न देत असताना दुसरा शिक्का विसरला जातो. कागदोपत्री तुमची गाडी मग त्या देशातून बाहेर पडलेलीच नसते. म्हणून खिडकीवरून हलण्याआधी पान उघडून दोन्ही शिक्के आणि तारीख स्वतः वाचा, समोरचा वैतागला तरी. शिक्का राहूनच गेला तर पुस्तिकेच्या शेवटी 'सर्टिफिकेट ऑफ लोकेशन' असतं. गाडी मायदेशी परतल्यावर कस्टम्सकडून ते भरून घेता येतं, गाडी इथे उभी आहे याचा पुरावा म्हणून.

चासी आणि इंजिन नंबर, रंग, आसनं, किंमत, वरची कॅरियर, सोबतचे महागडे सुटे भाग हे सगळं कार्नेटमध्ये नोंदवलेलं असतं. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर आधी ती करून घ्या.

न्हावाशेव्याहून जहाजाने

इथे कस्टम्स ब्रोकर लागतोच, आपल्याकडे सगळे त्याला सीएचए म्हणतात. स्वतः करायला जाऊ नका, हे काम रोज करणाऱ्याचंच. गाडी उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यातल्या एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, न्यायची, तिथे कस्टम्स चासी नंबर ताडून पाहतं, कार्नेटवर भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का मारतं, आणि गाडी कंटेनरमध्ये चढते. वीस फुटी कंटेनरमध्ये एक गाडी. आतली लांबी ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर, म्हणजे मोठी एसयूव्ही आत घेतल्यावर दार जेमतेम किलकिलं होतं. बारीक माणसाला चालवायला बसवा, हा विनोद नाही.

टाकीत इंधन अगदी थोडं ठेवायचं, बॅटरीची तार काढायची, चाकांखाली लाकडी ठोकळे आणि चारही बाजूंनी पट्टे. बंद करण्याआधी गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढा, काचेवरचा ओरखडासुद्धा. गाडीत पापडांचे डबे आणि गाद्या भरून पाठवण्याचा मोह आवरा. जाहीर न केलेली प्रत्येक वस्तू पलीकडे वेगळी चौकशी ओढवून आणते. जहाजाचा सागरी विमा वेगळा घ्या. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. ब्रोकरकडून पलीकडच्या बंदराचे आकारही लेखी घ्या, कारण लोक इथल्या भाड्याचाच भाव करतात आणि तिथल्या हाताळणी शुल्काने नि विलंब आकाराने दचकतात.

दोन आठवड्यांसाठी दुबईला स्वतःची गाडी नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथे भाड्याने घ्या. तीन-चार महिन्यांचा, अनेक देशांचा प्रवास असेल तरच या वाटेला जा.

पलीकडे उतरल्यावर

बहुतेक देशांत वाहतूक उजव्या बाजूने, आणि तुमचं स्टिअरिंगही उजवीकडे. ओव्हरटेक करताना समोरचं दिसतं ते शेजारी बसलेल्याला. म्हणून ती जागा झोपण्याची नाही. आपले दिवे खालच्या झोतात डावीकडे झुकतात, उजव्या वाहतुकीत ते समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या आधीच घेऊन ठेवा.

चीनमध्ये नोंदणीकृत एजन्सी, गाडीत सतत गाइड, तात्पुरता चिनी परवाना आणि तात्पुरती नंबर पाटी हे सगळं आधी ठरवावं लागतं, आणि खर्चाचा मोठा वाटा तोच. थायलंडनेही २०१६ पासून परदेशी गाड्यांना स्थानिक टूर ऑपरेटरमार्फत आगाऊ परवानगी सक्तीची केली. अनेक देश गाडीची नोंद तुमच्या पासपोर्टशी जोडतात. मग घरून अचानक फोन आला तरी गाडी सोडून विमानाने निघता येत नाही, आधी ती कस्टम्सच्या ताब्यात ठेवण्याची परवानगी काढावी लागते. घरी वयस्क आई-वडील असतील तर या एका कलमाचा निघण्याआधीच विचार करा.

परतीचा शिक्का

न्हावाशेव्याला गाडी उतरली की भारतात परत आल्याचा शिक्का कार्नेटवर घ्या. गाडी ताब्यात मिळाल्याच्या आनंदात लोक हाच विसरतात. मग मुदत संपण्याआधी पुस्तिका संस्थेला परत करायची. मुदतीच्या आत परतणं अशक्य दिसत असेल तर ती संपण्याआधीच मुदतवाढ मागायची, नंतर नाही. संस्था सगळी अर्धुकं तपासते आणि हरकत नसेल तर गॅरंटी मोकळी करते. पुस्तिका जमा केल्याची पोच घ्या आणि बँकेत जाताना ती सोबत ठेवा. शेजाऱ्याची मुदत ठेव त्या एका कागदासाठी पाच आठवडे अडकली होती.